अख्खा बदाम

जिन्याच्या वळणावर झाड अडकलं होतं, आणि झाडापलीकडे कोणीतरी हळू आवाजात शिव्या घालत होतं.

डिट्टे दोन्ही हातांत पिशव्या घेऊन खालच्या पायरीवर थांबली. नाताळची दुपार, आणि डेन्मार्कमधल्या ओडेन्सेच्या आभाळात आत्ताच अंधारून आलेलं. हिरव्या फांद्यांमधून तिला फक्त एक लोकरी टोपी दिसत होती, तीही तिरकी.

"ढकलू का?" तिनं विचारलं.

शिव्या थांबल्या. "कोण आहे?"

"पहिल्या मजल्यावरची. माझं दार तुझ्या झाडाच्या पलीकडे आहे."

"मी आस्गर. तुझ्या डोक्यावर राहतो... म्हणजे वरच्या मजल्यावर. नवीनच आलोय."

"माहितीये. खुर्च्या सरकवतानाही असाच शिव्या घालतोस."

फांद्यांमागून हसू आलं.

"एवढं मोठं झाड? किती माणसं येणारेत?"

"कुणी नाही. मी एकटाच. तुझ्याकडे?"

"मीपण एकटी. आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाहीये, तेव्हा तसा चेहरा करू नकोस."

"झाडातून तुला माझा चेहरा दिसतो?"

"अंदाज आला."

"खीर करणारेस?"

"पातेलंभर."

"म्हणजे बदामही तुलाच मिळणार."

डिट्टेनं गुडघा टेकवून झाड ढकललं. झाड सुटलं, आणि पिशवीतली संत्रीही सुटली. आस्गरनं धावत खाली येऊन ती वेचून दिली... एक सोडून.

"ही हमाली," म्हणाला, आणि संत्रं खिशात घातलं. डोळे करडे होते. उगाच लक्षात राहण्यासारखे.

लहानपणापासून डिट्टेचा नाताळ दुसऱ्यांच्या घरी व्हायचा. आईबाबा वेगळे झाल्यापासून एका वर्षी आईकडे, एका वर्षी बाबांकडे. खांद्याला पिशवी, आणि जिथे जाईल तिथे दुसरीकडच्यांची आठवण. यंदा तिनं दोघांनाही नाही म्हणून सांगितलं. "एकटी बसून रडशील," आई फोनवर म्हणाली होती. पण डिट्टेला रडण्यापेक्षा कुतूहलच जास्त होतं. आपल्याला नक्की काय आवडतं, हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं स्वतःही नाही. आजची संध्याकाळ तिला त्यासाठी हवी होती, आणि ती कुणालाही द्यायची नव्हती.

तर आवडतं ते असं निघालं. अख्खं बदक नको, एक तंगडी पुरे. लाल कोबी गोडसर. पायात दोन वेगवेगळे मोजे. गाणं मध्येच बंद करायचं, पुन्हा पहिल्यापासून लावायचं. खिरीत घालायचे बदाम कापताना तिचा हात शेवटच्या बदामावर थांबला. हा अख्खा ठेवायचा असतो. ज्याच्या वाटीत येईल त्यानं गालात लपवायचा, आणि बाकीचे वेड्यासारखे पातेलं खरवडेपर्यंत गप्प बसायचं. मग बक्षीस. पण ती लपवणार कुणापासून? तिनं तोही कापून टाकला.

खीर गार झाली. डिट्टेनं त्यात साय घुसळून घातली, चेरीचा रस गरम केला, आणि तेवढ्यात छतावर पावलं वाजली.

गोल. हळूहळू, गोल गोल. मग थांबली. मग पुन्हा गोल.

चमचा हातात धरून ती मान वर करून पावलांबरोबर फिरत राहिली. हा माणूस करतोय काय? नाचतोय? एकटा? विचारावं? पण विचारलं, तर तो येईल. आणि आला, तर ही संध्याकाळ...

कुतूहल जिंकलं. तिनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

जिन्यात धडधड झाली. आस्गर दारात. लोकरी टोपी नव्हती, केस भिजवून चापून बसवलेले.

"आवाज होतोय का?"

"आवाजाचं काही नाही. तू करतोयस काय?"

"झाडाभोवती फिरतोय." कान लाल झाले. "नाताळ आहे. फिरतात."

"हात धरून फिरतात."

"ती जरा अडचण आहे."

ती हसली, आणि हसता हसता दारातून बाजूला झाली. आपण बाजूला झालो, हे तिला नंतर कळलं.

वाट्या भरल्या. आस्गरनं पहिला चमचा तोंडात घातला आणि तिच्या गालाकडे टक लावून पाहिलं. "तुझ्याकडे आहे."

बदाम नाहीच, हे सांगायला डिट्टेनं तोंड उघडलं... आणि मिटलं. असं तिच्याकडे कुणी इतकं निरखून पाहिलंच नव्हतं.

"पातेलं संपेपर्यंत विचारायचं नसतं," ती म्हणाली.

"डावा गाल. फुगलाय."

"तो असाच आहे."

"चांगला आहे."

ती दुसऱ्या वाटीकडे वळली. मग तिसऱ्या. खीर कमी होत होती, आणि दर चमच्याला दोघं एकमेकांकडे बघत होते... खेळासाठी. पोट तुडुंब झालं. शेवटी पातेल्याचा तळ दिसला, आणि तिला आता खोटं बोलवेना.

"आस्गर, एक सांगायचंय. बदाम नव्हताच. मी तोही कापून टाकला."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू बघायचा थांबला असतास," ती पातेल्याकडे बघत म्हणाली.

आस्गरनं गालातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. अख्खा, सोललेला बदाम.

"हा कुठून आला?"

"वरून. खिशात होता. वाटलं, एकटीसाठी कशाला घालेल ती? मीही घातला नसता. दुपारपासून ठरवत होतो, हा घेऊन खाली यावं... का येऊ नये."

"म्हणजे त्या फेऱ्या..."

"झाड मध्ये होतं, एवढंच."

डिट्टेनं बदामाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "बक्षीस काय हवंय?"

"एक फेरी."

जिना चढताना ती थांबली. "पुढच्या वर्षीही मी एकटीच राहणारे. आत्ताच सांगून ठेवते. मला आवडलंय ते."

"राहा ना. मीही एकटाच असेन. वर." मग म्हणाला, "झाडू जवळ ठेव."

झाड इतकं पसरलं होतं, की दोघांचे हात त्याच्याभोवती पुरतच नव्हते. एका बाजूला तिचा हात त्याच्या हातात. दुसऱ्या बाजूचा मोकळा. डिट्टेनं तो मोकळा हात हलवून पाहिला, मग हातातला किंचित दाबून पाहिला.

दोन्ही तिला आवडले.