स्मृतिपंच

पंच म्हणून बोलावणं आलं, तेव्हा दमयंतीकाकू शिरगुप्पे यांनी ठेवणीतली इरकली साडी नेसली. झडती शेजारच्या हेमा कोष्टीची होती. तिचं घर पोलिसांनी आधीच उलथंपालथं केलं होतं. आजची झडती तिच्या आठवणींची होती.

स्मृतिझडतीची नवलाई आता ओसरली होती. न्यायालयाने स्पष्ट सांगितलं होतं की माणसाचं डोकं हे त्याचं घरच आहे, तिथे वॉरंटशिवाय शिरता येणार नाही. कुठल्या वेळेची आठवण पाहायची ते वॉरंटात लिहिलेलं हवं, आणि पाहताना परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच हवेत. वॉरंटाबाहेरचं काही दिसलं, तर ते पंचनाम्यात येता कामा नये. यापेक्षा चोख संरक्षण ते काय असणार, असं सगळ्यांनाच वाटलं होतं.

हेमाचा भाऊ विलास रसायनतज्ज्ञ. एका कारखान्याने नदीत काय सोडलं त्याचा दडवलेला अहवाल त्याने उघड केला आणि मूळ कागद घेऊन तो नाहीसा झाला. तो सापडला तर कागद जाणार, आणि कदाचित तोही. होळीच्या संध्याकाळी तो बहिणीकडे आला होता का, एवढंच वॉरंटात विचारलं होतं.

पोलीस ठाण्यात डॉ. वर्तकांनी काकूंच्या डोक्यावर तारांच्या जाळीची टोपी बसवली. तशीच एक हेमाच्या डोक्यावर होती आणि एक दुसऱ्या पंचांच्या, कॉलनीतल्या निवृत्त पोस्टमास्तर गुरवांच्या.

"डॉक्टर, पडद्यावर दाखवा की सरळ. ही टोपी कशाला?"

"पडद्यावर येत नाही ते, काकू. आठवण म्हणजे फोटो नव्हे. आठवताना मेंदूतल्या असंख्य पेशी एका ठरावीक क्रमाने चेततात. तो क्रम यंत्र टिपतं, पण त्याचा अर्थ लावायला दुसरा मेंदूच लागतो. कृती वाचून आमटीची चव कळते का? जिभेवरच ठेवावी लागते."

"म्हणजे ते माझ्या डोक्यात राहणार?"

"राहणार. तुमच्याच आठवणीसारखं. आणि त्या आठवणीशी ज्याचा संबंध जास्त, त्याला जास्त दिसतं. म्हणून पंच शेजारचाच बरा."

डॉक्टरांनी हे इतक्या सहज सांगितलं की पुढे काही विचारायचं काकूंना सुचलंच नाही.

मग होळीची संध्याकाळ आली. हेमा घरात एकटीच होती. दार वाजलं आणि काकूंना दारात त्या स्वतःच दिसल्या, हातात पुरणपोळ्यांचा डबा. जायफळाचा वास आला. पण वासाला वॉरंट कुठलं कळायला! त्याने मागोमाग दुसऱ्या दिवशीची सकाळ ओढून आणली. ओढ्यापलीकडचं बंद पडलेलं गुऱ्हाळ, आतलं थंड चुलवाण, आणि त्याच्या आडोशाला बसून अधाशासारखा पोळी खाणारा विलास. डब्यावर काकूंचंच नाव कोरलेलं होतं. आणि त्या आठवणीच्या पोटात हेमाचा विचारही होता: दमयंतीकाकूंना मात्र कळता कामा नये. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

टोपी काढली तेव्हा काकूंचे डोळे भरून आले होते.

"काय दिसलं?" इन्स्पेक्टर डवरींनी विचारलं.

"होळीला तिच्याकडे मी गेले होते. आणखी कुणी आलं नाही."

गुरवांनाही तेवढंच दिसलं होतं. दोघांनी पंचनाम्यावर सह्या केल्या. डवरी मात्र काकूंच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

काकूंना हेमाचा राग आला, आणि लाजही वाटली, कारण ते खरंच होतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या सुनेचं माहेरी राहणं लांबलं, सगळी कॉलनी त्यांच्याकडूनच ऐकायची. पण या वेळी काकू हट्टाला पेटल्या. भिशीच्या बायका खोदून खोदून विचारत होत्या. पण काकूंनी ब्र काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक गोष्ट पोटात ठेवली, आणि तिचा त्यांना चक्क अभिमान वाटू लागला.

आठवड्याभरात डवरी दारात उभे राहिले.

"काकू, तुमच्या नावाचं वॉरंट आहे. तुम्ही ठाण्यात पंच म्हणून बसलात, त्या दुपारच्या आठवणीचं."

"अहो, वॉरंटाबाहेरचं दिसलं तर ते घ्यायचं नाही ना?"

"ते हेमाच्या झडतीपुरतं. ती दुपार आता तुमची आठवण आहे, आणि तुमच्या वॉरंटात आहे. सगळं कायद्याला धरून आहे."

ठाण्यात पंच म्हणून भिशीतल्याच दोघी आल्या, काकूंच्या अगदी जिवाभावाच्या. काकूंनी डोळे मिटून णमोकार मंत्र धरला. पण नको म्हटलेलंच आधी आठवतं. जायफळाचा वास आला, आणि दोघींपैकी एकीच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, गुऱ्हाळ!"

तासाभरात विलासला पकडून आणलं. त्याच्यामागे धावत हेमा ठाण्यात आली. बाकावर बसलेल्या काकूंना बघून ती थबकली.

"काकू, नाहीच राहिली ना पोटात?"

"मी नाही गं सांगितलं! कुणालाही नाही. तुझी शपथ!"

शपथ आता कुणाला पुरत नव्हती. काकू उठल्या आणि त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"डॉक्टर, हिला घाला ती टोपी. माझ्या डोक्यात बघू दे हिला. सगळा आठवडा बघू दे."

"तसं नाही करता येत, काकू. वॉरंट लागतं."

"मी हो म्हणते ना?"

"संमती चालत नाही. नाहीतर पोलीस कुणाकडूनही हो म्हणवून घेतील." वर्तक टोप्या पेटीत ठेवत होते. त्यांच्या आवाजात खरोखरच आस्था होती. "असं कुणालाही तुमच्या डोक्यात शिरता येणार नाही. घटनेनं तुम्हाला तेवढं संरक्षण दिलंय."

काकूंनी मागे वळून पाहिलं. हेमा केव्हाच निघून गेली होती.