पात्यातली सावली

दुपारची जेवणं उरकली की लोहाराची बायको भट्टीघराच्या खिडक्यांना पोती लावून घ्यायची. तापल्या पात्याचा रंग उजेडात कळत नाही. लोहाराच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढल्यापासून तो रंग बघायचं काम तिच्याकडे आलं होतं.

"मला आता तू आणि कोळसा सारखेच दिसता," तो भाता ओढत म्हणाला.

"नशीब माझं. पूर्वी कोळसाच बरा म्हणायचात."

लोहार हसला. लेकीला एका मोठ्या भटारखान्यात काम लागलं होतं. संध्याकाळी निघताना तिच्या हातात घरचा सुरा द्यायचा होता.

पातं लाल होऊ लागलं. पोलाद तापताना त्या लालीतून एक काळसर सावली धारेकडून पाठीकडे सरकते आणि तिथे विरते. विरली, की पातं तेलात. "आत सावली असताना बुडवलं, तर ती आतच राहील," असं सासरे तिला बजावून गेले होते.

आज सावली पाठीपर्यंत आली आणि थांबली. मग वळली. सांडशीच्या दिशेने, लोहाराच्या हाताकडे सरकू लागली. सावकाश... चाचपडत.

"विरली का गं?"

सांडशीचं टोक काळवंडलं होतं.

"विरली! बुडवा!"

पातं तेलात गेलं. चर्र आवाज नाही, धूर नाही. फक्त वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी उघडावी तसा कुबट वास...

लोहाराने धारेवर कानस फिरवली. ती काचेवरून जावी तशी घसरली.

"वा! असं कडक पातं वीस वर्षांत उतरलं नव्हतं."

"परत तापवा."

"वेड लागलं का तुला?"

"अहो... मी खोटं बोलले. ती तुमच्या हाताकडे येत होती. ती आत आहे."

लोहाराने कानस खाली ठेवली. परत तापवलं की सगळं पहिल्यापासून करता येतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याने सांडशीत धरून पातं निखाऱ्यांत खुपसलं आणि दुसऱ्या हाताने भाता ओढत राहिला. त्याला धाप लागली.

"झालं लाल?"

"नाही..."

सांडशीचं तोंड लालभडक झालं होतं. पातं मात्र काळंच होतं, आणि त्याला टेकलेले निखारे एकेक करून विझत होते.

बाहेर पावलं वाजली. "आई, झाला का माझा सुरा?"

"आत येऊ नकोस!" ती धावली आणि दार घट्ट धरून उभी राहिली.

शेवटचा निखारा विझला.

"अगं," अंधारातून लोहाराचा दबका आवाज आला, "सांडशी का ओढतेस?"

तिचे दोन्ही हात दारावर होते.