चौथ्या मजल्याची शिफारस

ती विद्यापीठाच्या परिवहन कक्षाच्या खिडकीपाशी आली ती गाडी उभी करण्याचा परवाना परत करायला. सकाळपासून बाहेर थंड, चिकट बुरबुर लागली होती. धड पाऊस नाही, धड धुके नाही. तिचा चेहराही त्या हवेसारखाच उतरलेला होता.

"गाडी विकलीत?" खिडकीमागच्या लेखनिकाने विचारले.

"भंगारात दिली. वडिलांची होती. ते गेले, मग तिनंही मान टाकली."

त्याने परवाना खणात ठेवला. मग म्हणाला, "विद्यापीठ कर्मचाऱ्यांना तीन पर्याय देतं. बसचा पास, अर्धे पैसे विद्यापीठाचे. सहप्रवास, म्हणजे दोघातिघांत मिळून एक गाडी. नाहीतर सायकल. तिला छपराखाली जागा फुकट."

"मी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. सायकलनं पोचेपर्यंत निवृत्तीचं वय होईल."

"मग सहप्रवास… तुमच्या बाजूचे गाडीवाले एकच आहेत. संख्याशास्त्राचे प्राध्यापक. वाटभर विद्यार्थ्यांच्या चुका सांगतात. उदाहरणांसकट."

"पासच द्या," ती म्हणाली. आणि कित्येक दिवसांनी आपण हसलो, हे तिच्या उशिरा लक्षात आले.

ग्रंथालयाच्या तळघरात फाटक्या पुस्तकांची डागडुजी करणे हे तिचे काम. परिवहनवाल्या त्या माणसाला तिथे सगळे 'वेळापत्रक' म्हणत, कारण त्याला हसताना पाहायचे तर आगाऊ चौकशी करावी लागते, असा प्रवाद होता. त्याच संध्याकाळी हे वेळापत्रक तिला बसथांब्यावर भेटले.

"तुम्हीही याच बसनं?"

"जी बस लोकांच्या गळ्यात मारतो, तीत स्वतः बसू नये की काय?"

त्याचे उतरायचे ठिकाण तिच्या एक थांबा आधी. बसची खिडकी बंद होत नसे. फटीतून बोचरा वारा आत येई. दुसऱ्या दिवशी त्याने खिशातून पुठ्ठ्याची घडी काढली आणि इतक्या नेटकेपणाने त्या फटीत बसवली, की तिच्यातली कारागीर खूश झाली. पुठ्ठ्यावरून फिरणारी त्याची लांब बोटे ती पाहत राहिली… आणि त्याने मान वळवताच समोरच्या आसनाची शिवण निरखू लागली.

असे दिवस जाऊ लागले. दिवस अंधारेच होते. पण दिवसाच्या शेवटी एक बस होती.

"आज कोणाची शस्त्रक्रिया, वैद्यबाई?" तिच्या हातांना खळीचा वास आला की तो विचारी.

"एका शब्दकोशाची. कणाच मोडला होता बिचाऱ्याचा."

"वाचेल ना?"

"माझ्या हातून वाचेल. लोकांनी वाचायला हवा."

एकदा काचेवरून पाणी ओघळत असताना, त्याने काही विचारलेले नसताना, तिने सांगितले. घर चौथ्या मजल्यावर. उद्वाहक नाही. आईचे गुडघे कायमचे गेलेले. खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांवरचे कावळे, एवढेच तिचे जग. वडील गेले तेव्हा परक्या माणसांनी त्यांना उचलून खाली नेले, आणि आई जिन्याच्या तोंडाशी चाकांच्या खुर्चीत बसून राहिली. मग पावलांचा आवाजही खाली विरून गेला.

त्याचा थांबा आला, तेव्हा उतरायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला.

हिवाळा संपत आला असता विद्यापीठाच्या आवारातले एक घर रिकामे झाले. तळमजल्याचे, दारासमोर सपाट अंगण असलेले. अशा घरासाठी ज्या कर्मचाऱ्याचा प्रवास सर्वांत कष्टाचा, त्याची शिफारस परिवहन कक्षाने करायची, असा तिथला शिरस्ता होता.

ग्रंथपालबाई तळघरात उतरून आल्या त्या ओरडतच. "अगं, घर मिळालं तुला! तुझ्या त्या वेळापत्रकानं समितीत अक्षरशः भांडण मांडलं म्हणे. म्हणाला, प्रवास फक्त येणाऱ्याचा मोजू नका. जिला घराबाहेर पडताच येत नाही, तिचाही मोजा."

तिला आनंद झाला. पुढच्याच क्षणी काळजात कळ उठली. आवारात राहणाऱ्याला कसली आली बस?

त्या संध्याकाळी ती त्याच्याशेजारी न बसता समोर बसली.

"माझा कंटाळा आला होता, तर तसं सांगायचं होतंत."

"कंटाळा?"

"मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्ही विचार करत बसला असता." तो खाली पाहत म्हणाला. "आणि तुम्हाला विचार करताना पाहून मी… मी म्हणालो असतो, नको. राहू द्या. चालू दे आपली बस."

"का म्हणाला असता?"

बस एका खड्ड्यात आदळली. त्याने फटीतला पुठ्ठा उगाच पुन्हा दाबून बसवला.

"आणि म्हणाला का नाहीत?" ती हळूच म्हणाली.

"गप्प बसलो असतो तर कोणाला कळलंही नसतं. रोजचं हे एवढंसं सुख मला मिळत राहिलं असतं. पण ते तुमच्या आईला वर कोंडून मिळवलेलं… ते घशाखाली उतरलं नसतं."

त्याचा थांबा आला. वाहकाने घंटी दिली. कोणी हलले नाही. बस पुढे निघाली.

"तुमचा थांबा गेला," ती म्हणाली.

"पाहिला मी जाताना."

तिच्या घराचे चार जिने दोघे चढले. प्रत्येक वळणावर दिवा एक तर मंद, नाही तर गेलेला. दार उघडताच आतून आवाज आला, "कोण गं? दोघांची पावलं वाजताहेत."

"आई, हे परिवहनवाले. घराची शिफारस…"

"हे होय!" आईने त्याला नखशिखान्त न्याहाळले. "घर मिळाल्याचं हिनं दुपारी फोनवर सांगितलं, ते एखादी वाईट बातमी सांगावी तसं. तेव्हाच म्हटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. बसा. दम खा. आणि जिने चढून जे बोलायला आलात ते बोलून टाका. मी आपली कावळे बघते."

आईने खुर्चीची चाके फिरवली आणि खिडकीकडे तोंड केले. बाहेर अंधार पडला होता. कावळे केव्हाच गेले होते.

तो उभाच होता. ओला कोट अंगावरच. पर्याय समजावून सांगणारा त्याचा आवाज आता कुठे गेला, कोण जाणे.

"मला…" तो म्हणाला, "मला बसचं काही वाटत नाही. मला तुम्ही हव्या आहात. रोज. जन्मभर… तुम्हाला चालणार असेल तर."

तिला खोडी काढल्यावाचून राहवेना. "जरा मोठ्यानं म्हणा ना. आईला ऐकू गेलं नसेल."

"गेलं," आई मान न वळवता म्हणाली. "मी तुझ्या उत्तराला खोळंबले आहे."

तिने त्याचा गार हात हातात घेतला. खळीने खरखरीत झालेली तिची बोटे त्याच्या बोटांत अडकली… तशीच राहिली.

"चालेल," ती म्हणाली.

खिडकीशी आईचे खांदे एकदा हलले. मग ती, त्या काळ्या काचेशीच बोलल्यासारखी, म्हणाली, "ह्यांना खाली नेलं, तेव्हा धरायला घरचं माणूस नव्हतं. मला नेताना खुर्चीची एक बाजू तुम्ही धरा."