मूठ बाहेरच्या बाजूला

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी या गाडीवेड्या लोकांबद्दल तोंड उघडायची मला हौस नाही.

रेल्वेच्या डेपोत आम्ही त्यांना बगळे म्हणायचो. फलाटाच्या अगदी टोकाला, ऊन असो की बोचरा वारा, माना ताणून उभे. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत सुकलेला पाव. गाडी आली की सगळ्या माना डावीकडे, गेली की सगळ्या माना उजवीकडे. चांगली शिकलेली, पेन्शन घेणारी माणसं! घरी नळ गळतोय म्हणून बायको ओरडतेय आणि हे इथं इंजिनाची शीळ रेकॉर्ड करतायत. त्यातल्या एकाची बायको माझी सख्खी थोरली बहीण, म्हणून मला राग जरा जास्तच. भावोजींनी तिला आयुष्यभर जितकं बघितलं नसेल तितकं त्या गाडीला बघितलं.

आणि बघायचं तरी काय? डिझेलवर पळणारी जुनी वेगवान गाडी. दोन्ही टोकांना इंजिनाचा एकेक डबा, मध्ये माणसांचे डबे. मी तिच्यावर फिटर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून म्हातारा झालो. तिची नसन् नस मला ठाऊक. थंडीत पाणी गाळायची, उन्हाळ्यात तापून बसायची. ज्या शिळेवर हे लोक डोळे मिटून डोलायचे ती शीळ म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोतून जाणारी हवा, दुसरं काही नाही. ब्रेक लागले की जळका वास डबाभर.

गंमत ऐका. ही गाडी नवी कोरी आली तेव्हा याच लोकांनी नाकं मुरडली होती. आधीची इंजिनं मोडीत गेली म्हणून सुतकी चेहरे करून फिरत होते. भावोजी तर हिला 'डबडं' म्हणायचे. मग तिचा रंग उडाला, गाद्या फाटल्या, खिडक्या खडखडायला लागल्या, आणि हे हळूहळू तिच्या प्रेमात पडले. ती जितकी खंगत गेली तितके हे विरघळत गेले. मला वाटायचं, स्वतः म्हातारे झालेत, दुसरं काय.

विजेच्या गाड्या आल्या आणि हीही भंगारात निघाली. यार्डाच्या कडेला एक वापरात नसलेला फलाट आहे, तिथं आणून उभी केली. टाकीतलं डिझेल उपसलं, बॅटऱ्या उतरवल्या. माझ्या डोळ्यांदेखत. कापायला जाण्याआधी एक दुपार तिच्या सहवासात घालवायची, असं बगळ्यांच्या मंडळानं साहेबांना गळ घातली. सहवासात! साहेब मऊ माणूस. त्यांनी हो म्हटलं आणि किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

त्या सकाळी ताईचा फोन आला.

"ह्यांच्यावर लक्ष ठेव रे. हृदयाचं ऑपरेशन झालंय, थंडीत तासन्‌तास उभे राहतील."

"घरात कोंडून ठेव की मग."

"ठेवलं असतं. पण काल म्हणाले, एकदा जाऊन येतो, मग सुटलो. असं कधी म्हणत नाहीत ते."

"बरं झालं. तू पण सुटलीस," मी म्हटलं.

दुपारी मी त्यांना यार्डात घेऊन गेलो. सकाळचं धुकं उठलंच नव्हतं. दिवस असून दिवे लावावेसे वाटत होते. तिघंच आले होते. एक त्यांच्या मंडळाचे प्रमुख, निवृत्त शाळामास्तर. मफलर इतका गुंडाळलेला की नाक तेवढं बाहेर. दुसऱ्या एक नर्सबाई, धिप्पाड, गप्प. तिसरे भावोजी. तिघांच्याही चेहऱ्यावर दवाखान्यात कुणाला भेटायला आल्याचे भाव. मला हसू आवरेना.

"फुलं आणायची राहिली वाटतं," मी म्हटलं.

मास्तर पुढं चालत राहिले.

गाडी धुक्यात अर्धीच दिसत होती. इंजिनाचं तोंड दिसत होतं, शेपूट दिसत नव्हतं. फलाटावर ओल्या लोखंडाचा आणि शिळ्या तेलाचा वास. मास्तरांनी पिशवीतून डबीएवढा स्पीकर काढला, बाकावर ठेवला आणि बटण दाबलं. इंजिनाची घरघर सुरू झाली, मग ती बारीक शीळ, चढत चढत जाणारी. तीन म्हातारी माणसं मेलेल्या गाडीला तिचाच आवाज ऐकवत होती. मी कपाळावर हात मारून घेतला.

"झालं का? की आरतीही आहे?"

मास्तर शांतपणे वाकले आणि त्यांनी स्पीकर बंद केला.

शीळ थांबली नाही.

मला आधी वाटलं, दुसऱ्या रुळावर कुठलं इंजिन असेल. पण तळव्यांना फलाटाची थरथर कळत होती. मी जाऊन इंजिनाच्या डब्याला हात लावला. पत्रा थंडगार. आत तेल नाही, बॅटरी नाही, आणि हाताखाली ते धडधडत होतं, आजारी माणसाच्या छातीसारखं.

"कोणी चढलंय का आत? दारांना कुलपं आहेत, किल्ल्या माझ्याकडे आहेत..."

"हळू बोला," नर्सबाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोललं की ते हात आत घेतात."

"कोण?"

तेव्हा पहिली काच खाली आली.

या गाडीच्या दारांना आतून मूठ नाही. उतरायचं तर दाराची काच खाली ओढायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या बाजूची मूठ चाचपून फिरवायची. जुनाट, धोक्याची पद्धत. आम्ही वर तक्रारी करून थकलो होतो. ती काच खडखडत खाली आली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. धुक्यात दिसत नव्हत्या तिथूनही आवाज येत राहिले, खड्... खड्... खड्... लांब जात जात. आणि प्रत्येक खिडकीतून एकेक हात बाहेर आला.

नुसते हात. विणलेल्या स्वेटरची बाही. गणवेशाचा कफ. अंगठी रुतलेलं जाड बोट. सगळे खाली पत्र्यावर चाचपत होते, मूठ शोधत होते. घाई नाही, चिडचिड नाही. रोज उतरणाऱ्या माणसासारखे. पण एकाचाही हात मुठीपर्यंत पोचत नव्हता.

तिघं मात्र आपापल्या दारापाशी गेले, नेहमीची जागा असल्यासारखे. नर्सबाईंनी एक सुरकुतलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या.

"आई आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शेवटची मला भेटायला आली ती याच गाडीनं. थंडी सहन होत नाही तिला."

मास्तरांच्या हातातला हात कुणाचा होता, मी विचारलं नाही. तेच म्हणाले, "नवी होती तेव्हा आत कोणीच नव्हतं. म्हणून तर आवडायची नाही आम्हाला. रिकामी गाडी कुणाला आवडते? जुनी होत गेली तशी भरत गेली."

"आणि दारं? उघडत का नाही तुम्ही?"

"एकदा एकानं उघडलं होतं..." मास्तर एवढंच बोलले आणि त्यांनी मफलर नाकावर ओढला.

मी भावोजींकडे वळलो. ते एका दारापाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. खिडकीतून आलेला हात त्यांच्या छातीशी चाचपत होता आणि ते त्याला धरत नव्हते. गोऱ्या मनगटावर तपकिरी डाग, चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ, वाकडी करंगळी. मी त्या हाताकडे बघितलं. मग भावोजींच्या पाठीमागच्या हातांकडे बघितलं. तेच घड्याळ. तीच करंगळी.

"भावोजी... हा कुणाचा?"

"माझाच," ते म्हणाले. "मलाही आधी वाटलं, काहीतरी चूक आहे. मी जिवंत आहे ना, मग मी कसा असेन आत? पण अरे, सगळी नोकरी या गाडीनं जाऊन-येऊन केली मी. झोपेत चढायचो, झोपेत उतरायचो. दर वेळी सगळाच्या सगळा उतरलो असेन, हे कशावरून?"

खरं सांगतो, तेव्हा भीतीपेक्षा संताप आला. ताई आयुष्यभर खिडकीत उभी राहून या माणसाची वाट बघत होती, आणि हा इथं स्वतःचाच हात बघायला येत होता! हा सगळा या लोकांच्या रडक्या प्रेमाचा खेळ आहे, दार उघडून दाखवलं की संपेल, असं वाटलं मला.

"सरका बाजूला," मी म्हटलं आणि किल्ली लावली.

"नको रे..." भावोजी म्हणाले. नर्सबाई ओरडल्या. मी मूठ फिरवली.

दार उघडलं आणि आतून गरम हवेचा लोट आला. जळक्या ब्रेकचा वास, ओल्या कोटांचा वास, कितीतरी माणसांचा श्वास. गच्च भरलेल्या डब्याचं दार उघडल्यावर येतो तसा. कोणीतरी माझ्या खांद्याला खांदा घासून उतरलं. "माफ करा हं," असंही ऐकू आलं, अगदी कानाशी.

मग सगळं एकदम थांबलं. शीळ नाही, थरथर नाही. काचा वर. आत रिकामी बाकं, फाटक्या गाद्या, खाली पडलेलं एक बटण.

"बघा! कोण आहे का?" मी म्हटलं. माझाच आवाज मला चिरका वाटला.

भावोजी माझ्याकडे पाठ करून उभे होते. ते वळले तेव्हा चेहरा हसरा होता, लांबचा प्रवास करून आलेल्या माणसासारखा.

"चला," ते म्हणाले. "केव्हाचा ताटकळत होतो मी."

नर्सबाईंनी सवयीनं त्यांची नाडी बघायला मनगट धरलं, आणि चटका बसावा तसं सोडून दिलं.

"यांना घरी नेऊ नका," त्या मला म्हणाल्या.

"मग काय तुमच्या गाडीत ठेवू?"

त्यांनी नुसतं उघड्या दाराकडे बघितलं.

मी दार लावलं, कुलूप घातलं आणि भावोजींना घेऊन निघालो. थोडं पुढं आल्यावर मागून धुक्यातून हाक आली. "अरे..." भावोजींचीच हाक. घाबरलेली. मला 'अरे' म्हणताना ते एक हेल काढतात, तो हेल दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

शेजारी चालणारे भावोजी म्हणाले, "धुक्यात आवाज फिरतो. चालत राहा."

मी चालत राहिलो. तुम्हीही तेच केलं असतंत.

गाडी पुढच्या आठवड्यात कापली. मी रजा टाकली होती.

ताई सुरुवातीला खूश होती. भावोजींनी कॅमेरा देऊन टाकला, नळ दुरुस्त केला, संध्याकाळी तिच्याशेजारी बसायला लागले. "तू काय जादू केलीस रे?" ती फोनवर म्हणायची, आणि मी फुशारक्या मारायचो. मग एकदा म्हणाली, "ह्यांनी मला 'अहो' म्हणायला सुरुवात केलीय. काल विचारलं, तुम्ही कुठं उतरणार?"

"थट्टा करत असतील."

"हो ना. मी म्हटलं, तुम्ही उतराल तिथं." ती हसली. "किती बरं वाटलं त्यांना!"

मी त्याच दिवशी तिच्याकडे गेलो. भावोजी खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, समोर दुसरी रिकामी खुर्ची. मला बघून त्यांनी पाय आखडून घेतले, मला पुढं जायला वाट करून दिली. ओळखीचं चिन्ह नाही. आतून ताई आली. अंगात बाहेर जायचा कोट, हातात पर्स.

"कुठं निघालीस?"

"अरे, स्टेशन आलंच की आता," ती म्हणाली, आणि दाराकडे बघत उभी राहिली. ते दार तिला उघडता येत होतं, पण ती उघडत नव्हती.

मी तिला ओढतच माझ्या घरी आणली. सकाळी परत गेलो तर भावोजींच्या घराला आतून कडी. दार तोडलं. खिडक्या बंद, आत कोणी नाही. पोलिसांनी चार ठिकाणी विचारलं आणि सोडून दिलं.

ताई आता माझ्याकडेच असते. आत झोपलीय, म्हणून हळू बोलतोय. ते बगळे अजून कुठल्या कुठल्या फलाटांवर उभे असतात, आणि मी अजून त्यांना वेडेच म्हणतो. ताई खाते, पिते, बरी आहे. फक्त या खोलीत आली की तिथं, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी थांबते. खुर्ची रिकामीच असते. ती वाकून विचारते, "इथं कोणी बसलंय का?" मी 'नाही गं, बस' म्हणायच्या आत ती मान हलवते, खुर्चीकडे बघून "बरं, बरं, असू दे" म्हणते, आणि दुसरीकडे जाऊन बसते.