चार नंबरच्या चपला

पटो न पटो, हे घडलेलं आहे. यातलं शेवटचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. बाकीचं नामदेवनं मला सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही.

गाव बुऱ्हाणपूर. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. गुरुवार. वेळ रात्रीची नव्हती. सकाळचे साडेसहा वाजले होते आणि तापीच्या घाटावर चांगलं उजाडलं होतं.

नामदेव माझा चुलतभाऊ. कागदाच्या मिलमधून रिटायर झालेला. आम्ही दोघंही बायको गेलेली माणसं. माझी आधी गेली, त्याची नंतर.

त्याची रुख्मिणी वर्षभर एकच गोष्ट बोलायची. केदारनाथ.

मे महिन्यात देवळाचं कपाट, म्हणजे दार, उघडलं की जायचं. घोडा नाही, पालखी नाही. पायी. सरावासाठी दोघं रोज घाटाच्या पायऱ्या चढायची, आणि रविवारी असीरगडचा किल्ला. तिनं जाड तळव्यांचे बूट घेतले होते, सहा नंबरचे. ते घालून घरात फिरायची. नामदेव चिडवायचा, "पोळ्या पण बूट घालूनच लाट आता."

जानेवारीत पोळ्या लाटतानाच ती खाली बसली. डोक्यातली नस फुटली होती.

तेराव्याला मेलेल्या माणसाच्या नावानं चपला आणि छत्री दान करतात. पुढची वाट काट्यांची, तापलेल्या वाळूची असते म्हणतात. पाय पोळू नयेत म्हणून चपला.

सून सुनीता म्हणाली, "बाबा, आईंचे बूटच द्या ना. नवेच तर आहेत."

"ते बूट केदारला जातील," नामदेव म्हणाला. "तुझाही सहाच नंबर आहे. तिच्या जागी तू चल. ती नाही तर तिचे बूट तरी पोचतील."

दानासाठी त्यानं बाजारातून रबरी चपला आणल्या. हाताला लागल्या त्या. चार नंबरच्या.

गुरुजींनी चपला उलटसुलट करून पाहिल्या. "नामदेवराव, लहान वाटतात हो."

"मेलेल्या माणसाला कसला नंबर, महाराज? शास्त्रापुरतं झालं म्हणजे झालं."

दोन-चार जण हसले. नामदेवही हसला.

बायकोच्या तेराव्याला.

मग तो मार्चमधला गुरुवार. सुनीता बूट घालून पुढे पायऱ्या चढत होती. नामदेव मागे होता. त्याच्या मागे घाट रिकामा.

आणि मागून आवाज आला...

फट्... सर्र्... फट्... सर्र्...

रबरी चपलांचा. एक पाय उचलतोय, दुसरा ओढतोय.

त्यानं वळून पाहिलं. कोणी नाही. पाण्यापर्यंत नुसत्या पायऱ्या.

वर सुनीता थांबली होती. "बाबा, मागे कोण आहे तुमच्या?"

"कोणी नाही. चल."

पण तो चढायला लागला की आवाज चढायचा. तो थांबला की...

एक पाऊल जास्त वाजायचं. मग थांबायचं.

आठवड्याभरात आवाज घरात आला. भर दुपारी. स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत, ओसरीतून दारापर्यंत. डब्यातल्या सेफ्टी पिना कमी व्हायला लागल्या. रुख्मिणी चपलेचा तुटलेला पट्टा पिनेनंच जोडायची. किती वेळा सांगितलं तरी नवी चप्पल घ्यायची नाही.

एप्रिलमध्ये बेचाळीस डिग्री ऊन होतं. सुनीतानं बूट आणून सासऱ्यापुढे ठेवले.

"मी नाही येणार, बाबा. हे घातले की पाय गार पडतात. नुसते गार नाही... बर्फात घातल्यासारखे. कालपासून अंगठा कळतच नाहीये मला."

नामदेवनं बुटात हात घातला.

आणि पटकन काढून घेतला.

मग तो उठला, बूट पिशवीत टाकले आणि गुरुजींच्या घरी गेला. म्हणाला, "महाराज, चूक झाली. हे घ्या. त्या चपला परत द्या."

गुरुजींच्या बायकोनं, मालूबाईनं, आतून चपला आणल्या.

"तेराव्यापासून खिळ्याला आहेत, भाऊ. माझ्या पायात येत नाहीत. देऊ तरी कोणाला? पोराच्या मापाच्या!"

नामदेवनं चपला हातात घेतल्या. उलट्या केल्या...

तळ झिजून आरपार भोकं पडली होती.

टाचेकडचा भाग फाटून बाहेर आला होता. मोठा पाय लहान चपलेत कोंबला की येतो तसा.

डाव्या पट्ट्याला सेफ्टी पीन होती.

मालूबाईचं तोंड पांढरं पडलं. "देवाची शप्पथ, भाऊ. कोणी घातल्या नाहीत."

गुरुजींनी नामदेवच्या हातून दानाचं पाणी सोडवलं. मग त्यांनी बूट घेतले. म्हणाले, "घेतो मी. पण वाट वर्षभराची असते. ती पुष्कळ पुढे गेली असेल आता."

आवाज थांबला. चार दिवस.

पाचव्या दिवशी नामदेवचे बूट त्याला टोचायला लागले. आठ नंबरचे, दोन वर्षं वापरलेले. दुकानातून नऊ नंबरचे आणले. घरी येईपर्यंत टाचा सोलल्या. मग दहा नंबर. दहामध्ये बोटं मुडपून बसली आणि नखांतून रक्त आलं.

दुकानदारानं पाय पट्टीवर ठेवून मापला. "काकाजी, पाय तर आठचाच आहे ना. देखो तुम्हीच."

"मग शिरत का नाही?"

दुकानदारानं पट्टी पुन्हा लावली. आठच.

सुनीता रडली. मुलगा ललित ओरडला, "हट्ट करू नका, बाबा! रजिस्ट्रेशन कॅन्सल करा. पायांची हालत तर बघा!"

"तिला शब्द दिलाय," नामदेव म्हणाला. "चपलांच्या वेळी एकदा हयगय केली. बस झालं."

गाडीवर सोडायला मी गेलो होतो. दुपारची गाडी. त्याच्याबरोबर यात्रेला निघालेली गल्लीतली मंडळी आधीच डब्यात चढली होती. नामदेव प्लॅटफॉर्मवर अनवाणी चालत होता, पायांना पंचा गुंडाळून. लोकांना सांगायचा, अनवाणी जायचा नवस आहे.

तो डब्याकडे गेला. मी पाठमोरा पाहत होतो. त्याच्या मागे चार हात जागा मोकळी होती. एवढ्या गर्दीत. लोक तिथून वळून जात होते आणि त्यांना कळतही नव्हतं.

आणि त्या मोकळ्या जागेतून...

फट्... सर्र्... फट्... सर्र्...

तो चढला. आवाजही चढला.

अकरा दिवसांनी तो परत आला. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीनं गेली. बर्फात अनवाणी चालल्यावर दुसरं काय होणार?

मी त्याला एकच विचारलं. "बूट पोचले का रे तिला?"

त्यानं पट्टी बांधलेला पाय उशीवर ठेवला.

"नाही. वरपर्यंत मागे चपलाच वाजत होत्या. एकदा म्हटलं, रुख्मिणी, थांब, माझ्या पाठीवर बस. तर म्हणाली..."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मेलेल्या माणसाला कसलं ओझं."

तेव्हापासून तो त्यावर बोललेला नाही. आता त्याला आठ नंबरची चप्पल नीट बसते. दोन बोटांची जागा रिकामी राहते, एवढंच.

मी मात्र नीट झोपत नाही. माझ्या बायकोच्या तेराव्याला चपला मीच आणल्या होत्या. घाईत. दुकान आठवतं, रंग आठवतो, दुकानदाराचा चेहरासुद्धा आठवतो.

नंबर आठवत नाही.

परवापासून माझा उजवा बूट जरा घट्ट होतोय.