टेकडीपलीकडचं वादळ

ऑर्व्हिल हॅवलिकला उघड्या माळावर उभं राहून एक टोर्नेडो डोळे भरून बघायचा होता, आणि तोही याच उन्हाळ्यात. पुढचा उन्हाळा त्याच्या उपयोगाचा नव्हता.

उजव्या डोळ्याच्या मधोमध करडा डाग धरला त्याला दोन वर्षं झाली होती. या वसंतात डावाही त्याच वाटेला लागला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जायचं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि स्पष्ट सांगितलं, की यानं थोडा वेळ मिळेल, एवढंच. म्हातारा घरी आला, टोपी खुंटीला लावली आणि मुलीला म्हणाला, “रोवेना, या जूनमध्ये मला घेऊन चल.”

कुठे, हे तिला विचारावं लागलं नाही. नेब्रास्कातल्या आपल्या गावात ऑर्व्हिलनं सारी हयात धान्याच्या कोठारांवर काढली होती. वादळांचा मोसम आणि गव्हाच्या कापणीचा मोसम एकच. आभाळ हिरवट झालं की गावातली माणसं मागच्या अंगणात जाऊन बघत उभी राहत, आणि हा कोठारांची झाकणं लावत पळत असे. मग सगळ्यांना तळघरात उतरवून शेवटी स्वतः उतरे. वादळाच्या आधीचं आभाळ त्यानं पाहिलं होतं, नंतरची उपटलेली झाडंही पाहिली होती. मधलं तेवढं राहून गेलं होतं. रोवेनाला ढग ओळखायला त्यानंच शिकवलं. ती मोठी झाली, गावोगाव टपाल वाटायला लागली, आणि दर जूनमध्ये आठवडाभर रजा काढून वादळांच्या मागे जायला लागली. निघताना म्हातारा कोबी-खिमा भरलेले पाव बांधून द्यायचा आणि म्हणायचा, “पुढच्या वर्षी मीही येतो.” ती “ये की” म्हणायची आणि गाडी काढायची. एकदाही तिनं दार उघडून त्याला आत बसवलं नव्हतं. आता ते तिला लागत होतं.

तिसरा गडी लायल. हा रोवेनाचा शाळासोबती, गावातला न्हावी. त्याच्या खुर्चीत मान अडकली की गिऱ्हाइकाला दाढीआधी आठवड्याभराचं हवामान ऐकावं लागे. गाडीत मागच्या सीटवर मांडीवर कॉम्प्युटर घेऊन रडार बघणं हे त्याचं काम. गाडी रोवेना चालवायची. पुढची सीट या वेळी ऑर्व्हिलची.

पहिला दिवस फुकट गेला. वर उबदार हवेचं झाकण घट्ट बसलेलं. खाली उकाडा खदखदत होता आणि ढग मात्र फुलकोबीएवढे वाढून विरत होते. लायल दर थोड्या वेळानं सांगत होता, की आता झाकण उडणार. सूर्य बुडाला तरी उडालं नाही. ऑर्व्हिलनं त्याला हळूच विचारलं, “लायल, गिऱ्हाइकांनाही तू असंच टांगून ठेवतोस का रे, अर्धी दाढी करून?”

दुसऱ्या दिवशी वादळ उठलं, पण ते पावसात गुरफटलेलं, आंधळं. बघायला काही नाही आणि मारायला मात्र गारा! अक्रोडाएवढ्या गारांनी पुढच्या काचेवर कोळ्याचं जाळं विणलं. रोवेना मान वाकडी करून न फुटलेल्या कोपऱ्यातून रस्ता बघत कशीबशी गावापर्यंत आली. काच बदलायला सकाळ गेली. ऑर्व्हिल दुकानाबाहेरच्या बाकावर बसून डावा हात डोळ्यांपुढे धरत होता आणि बाजूला नेत होता. कुठवर दिसतं ते तो तपासत होता. रोवेनानं ते पाहिलं आणि कॉफी आणायच्या निमित्तानं ती तिथून गेली.

तिसऱ्या दिवशी मात्र दुपारपासूनच हवेचा नूर वेगळा होता. दक्षिणेकडून ओलसर वारा गवत लोळवत येत होता. मलन गावाच्या पुढे वाळूच्या टेकड्यांचा मुलूख लागतो. लाटांवर लाटा याव्यात तशा गवताळ टेकड्या, मधल्या खोलगटांत तळी, आणि कोसाकोसावर एखादी पवनचक्की. त्या टेकड्यांवर ऐरणीसारखं डोकं पसरलेला एकच ढग उभा राहिला. एकटा! आसपास दुसरा कुणी त्याची हवा चोरायला नव्हता. लायलनं रडारवर बघितलं आणि त्याची बडबड बंद पडली. त्याची बडबड बंद पडणं म्हणजे काय, हे रोवेनाला ठाऊक होतं.

डांबरी रस्ता सोडून ती रेतीच्या वाटेला लागली. आधी दक्षिणेची वाट हेरून ठेवली, कारण पळायचा रस्ता ठरल्याशिवाय थांबायचं नाही हा त्यांचा नियम होता. मग एका उंच टेकडीच्या माथ्यावर गाडी उभी केली. लायल वादळाची चाल बघत होता आणि हिशेब करत होता. ते आपल्या उत्तरेकडून जाईल, तो म्हणाला, आणि पश्चिमेचं ऊन त्याच्या अंगावर पडेल. टोर्नेडो उतरलाच तर काळा नाही, पांढराशुभ्र दिसेल. असा योग त्यानं स्वतः उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

ऑर्व्हिल गाडीला टेकून उभा राहिला. वादळ वाऱ्याला आत ओढत होतं. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या तिकडेच फडफडत होत्या. ढगाच्या बुडाशी एक काळा कडा लोंबत होता आणि जात्यासारखा सावकाश गरगरत होता. म्हातारा सरळ त्याच्याकडे बघत नव्हता, कारण सरळ बघितलं की ते पुसलं जायचं. मान उजवीकडे, खालच्या खोलगटाकडे वळवून तो डोळ्याच्या कडेनं आभाळ गोळा करत होता.

“फिरतंय,” तो म्हणाला. “रोवेना, मला फिरताना दिसतंय.”

 तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. कड्यातून एक टोक खाली यायला लागलं होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, “खाली कुणीतरी आहे. लाल दिवे लुकलुकतायत.”

रोवेनानं ऐकलं. ऐकलं आणि नजर वरच ठेवली. ते टोक लांबत होतं, आणखी थोडा वेळ, फक्त थोडा वेळ हवा होता. “डॅड, वर बघ,” ती म्हणाली.

“खड्ड्यात गाडी आहे, पोरी. वादळाच्या बाजूला.” तो दार चाचपत गाडीत बसलासुद्धा.

तिनं सांगून पाहिलं, की तू इथंच थांब, मी आणि लायल जाऊन येतो. त्यावर तो एवढंच म्हणाला, की दोघांनी भागणार असेल तर बरंच, पण नाही भागलं तर मला न्यायला कोण वर येणार?

गाडी उतारावरून सुटली. खाली जावं तसं आभाळ आक्रसत गेलं आणि समोरच्या टेकडीनं वादळ गिळून टाकलं.

आधी पडून गेलेल्या गारांच्या चिखलात एक पिकअप घसरून वाटेत आडवी झाली होती. मागे जोडलेला घोड्यांचा ट्रेलर वाळूत कलंडायच्या बेतात होता, आणि आत दोन घोडे लाथा झाडत होते. दोन्हींच्या मध्ये पन्नाशीची एक बाई पडली होती. तिचं नाव कोरिन, राहणारी जवळच्याच रँचवर. ट्रेलर सोडवायला ती खाली उतरली आणि ट्रेलर सरकला. जोडणारा लोखंडी दांडा तिच्या घोट्यावर बसला होता. ती किंचाळत नव्हती. तिचे ओठ निळे पडले होते. ती आधी एवढंच म्हणाली, “घोडे सोडा.”

ऑर्व्हिलनं चाचपडत मागचं दार गाठलं, कडी उपसली आणि बाजूला झाला. घोडे उधळले आणि दक्षिणेला पसार झाले. ट्रेलर हलका झाला, पण दांडा उचलेना. लायलनं जॅक लावला. जॅक वाळूत रुतला! पुन्हा लावला. पुन्हा रुतला! रोवेनानं पिकअपच्या हौद्यातली फळी आणली. पण वजन आलं की फळी तिरकी होऊन निसटत होती. तिसरा माणूस हवाच होता.

म्हातारा चिखलात पालथा झोपला. दोन्ही हातांनी फळी दाबून धरली आणि गाल मातीला लावला. “हं, चढव. मला हाताला कळतंय.”

लायल जॅक फिरवत होता. रोवेना कोरिनच्या काखेत हात घालून वाट बघत होती. आणि मग टेकडीपलीकडून तो आवाज आला. गर्जना नव्हे. लोखंडी पन्हळीतून गहू ओतावा तसा, पण न थांबणारा.

“कोठाराचं दार उघडलंय कुणीतरी,” ऑर्व्हिल जमिनीशीच पुटपुटला.

त्याच वेळी पश्चिमेचं ऊन ढगाखालून आत घुसलं. टेकडीचं गवत सोन्यासारखं पेटलं. रोवेनाचे चिखलानं भरलेले हातसुद्धा चमकायला लागले. पलीकडे काय चाललं असेल ते तिला नीट कळलं. टोर्नेडो खाली उतरला होता, आणि या घटकेला तो पांढरा होता! टेकडीचा माथा हाकेच्या अंतरावर होता. धावत वर गेलं असतं तर दिसला असता. लायलनं एकदा तिकडे मान वळवली, आणि परत जॅककडे वळवली. त्या नजरेत जे होतं ते तिनं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही.

आभाळातून गवताच्या काड्या पडायला लागल्या. मग पत्र्याचा एक तुकडा पानासारखा तरंगत आला. दांडा बोटभर वर आला. आणखी थोडा! रोवेनानं जीव खाऊन ओढलं. कोरिन एकदाच ओरडली आणि सुटली.

वारा फिरला. आता तो पाठीत गुद्दे घालत होता. तिघांनी तिला मागच्या सीटवर आडवी केली. दारं लागायच्या आत ट्रेलर मागे उलटला. रोवेनानं गाडी दक्षिणेला काढली. पाऊस भिंतीसारखा आला, पुढचं दिसेना. गुरांना अडवायला रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीवरून गाडी खडखडत उडाली. खोलगटात ओढ्याचं पाणी रस्त्यावर चढलं होतं. थांबायला जागा नव्हती आणि मागे वाट नव्हती. तिनं वेग न मोडता गाडी पाण्यात घातली. इंजिन गुदमरलं, खोकलं, आणि चढाला लागलं. त्या चढावर पाऊस मागे पडला.

पुढे डांबरी रस्त्यावर तिनं गाडी थांबवली. सगळे वळून बघायला लागले. मागे फक्त पावसाचा करडा पडदा होता, जमिनीपासून आभाळापर्यंत. टोर्नेडो त्या पडद्याआड कधीच विरला होता.

कोरिनला थोडी धुगधुगी आली तेव्हा तिला सीटखालचे कॅमेरे दिसले, लायलचा कॉम्प्युटर दिसला. वादळाच्या मोसमात अशा गाड्या तिनं बऱ्याच पाहिल्या होत्या. ती ओशाळली. “तुम्ही तो बघायला आला होता,” ती म्हणाली. “माझ्यामुळे हुकला.”

“छे हो,” ऑर्व्हिल पुढे बघतच म्हणाला. “आम्ही सहज इकडून चाललो होतो.”

थेडफर्ड गावी तिला डॉक्टरांच्या हवाली केलं. घोटा मोडला होता, पण पाय वाचणार होता. घोडे शेजाऱ्याच्या कुंपणाशी चरताना सापडल्याचा फोन आला तेव्हा ती बाई पहिल्यांदा रडली.

संध्याकाळी ते रस्त्याकडेच्या खाणावळीत शिरले. आत वादळामागे आलेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्शाच्या, वाडग्यांवरून फोन इकडून तिकडे फिरत होते, टाळ्या पडत होत्या. प्रत्येक पडद्यावर तोच एक उंच, पांढरा खांब. त्यांच्या डोळ्यांचं पारणं फिटलं होतं. कॅन्ससहून आलेल्या एका बाईनं मोठ्या आपुलकीनं आपला फोन ऑर्व्हिलपुढे धरला. त्यानं तो हातात घेतला, कानाजवळ नेल्यासारखा तिरका धरला, कडेनं बराच वेळ पाहिला. “फार सुंदर,” म्हणाला आणि परत दिला. मग तो चिली खात राहिला. लायल मात्र वाडगा तसाच ठेवून बाहेर गेला.

परतीच्या वाटेवर रोवेनानं शेवटी विचारलं, की तुला वाईट वाटतंय का.

“वाटतंय,” तो म्हणाला. “ती बाई जिवंत आहे म्हणून वाटू नये, असं मी मघापासून मनाला समजावतोय. ते ऐकत नाही.” थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “तुझी किती वर्षं झाली गं, या फिरण्याला?”

तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. एवढ्या वर्षांत कुठल्याही जूनमध्ये दार उघडता आलं असतं, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

त्या वर्षी आभाळ पुन्हा जमलं नाही. जुलैत उष्णतेचं झाकण बसलं ते हललंच नाही. लायलनं रोज रडार पाहिलं, रोवेनाची रजा संपल्यावरही दोनदा दुकान बंद ठेवून तो म्हाताऱ्याला घेऊन गेला; दोन्ही वेळा दोघं निरभ्र आभाळाखाली पाव खाऊन परत आले. ऑगस्ट सरेपर्यंत ऑर्व्हिल माणसं आवाजावरून ओळखायला लागला होता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी पश्चिमेला एक ढग आला. साधाच, बारीक विजा चमकवणारा, अर्ध्या तासात ओसरेल असा. रोवेनानं वडिलांना व्हरांड्यात बोलावलं. तो आला आणि कुठल्या बाजूला म्हणून विचारलं. तिनं त्याचे खांदे धरून त्याला वळवलं. तो हात मागे बांधून, मान थोडी तिरकी करून उभा राहिला. गार वारा आला, दोनचार टपोरे थेंब पायऱ्यांवर वाजले.

“छान आहे,” तो म्हणाला. यजमानाचं मन राखायला पाहुण्यानं जेवणाला म्हणावं, तसं.

तिनं “हो” म्हटलं, आणि पाऊस थांबेपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.