खडीवर थांबणारा डबा

साहेब, तुम्ही सुगंधाचा घात केलात.

तुमच्या रेल्वे स्टेशनात फलाटावर शेड नाही, बसायला बाकडं नाही, नळ आहे तर पाणी नाही. ते तिनं मुकाट सोसलं. फलाट तर इतका आखूड बांधलात, की शटलचा शेवटचा डबा बाहेर खडीवरच उभा राहायचा. मुरबे गावची ही पोर डोक्यावरची मासळीची पाटी सांभाळत त्या उंच दारात चढायची.

थंडीतल्या एका सकाळी तिचा पाय खडीवरून घसरला... आणि दारातून एक हात खाली आला. आधी पाटी वर गेली, मग ती.

"नाव काय तुझं?"

"सुगंधा."

"आणि पाटीत बोंबील?"

"घाटावरचा ना तू? तुला काय कळतं वासातलं!"

तो प्रताप. राहायला पालघरला, बोईसरच्या कारखान्यात फिटर. मग रोजच तो हात खाली येऊ लागला — आणि पाटी ठेवून झाली तरी तिचा हात सोडायचं विसरू लागला.

काल म्हणाला, "आईला गावाहून बोलावतो. तुझ्या घरी पाठवू?"

"हो" तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरी चिंचणीचं स्थळ आलेलं, बाप आज संध्याकाळी त्यांना शब्द देणार. तरी ही ऐटीत म्हणाली, "उद्या सांगते... गाडीत."

आज गाडी आली, आणि थांबलीच नाही! दारात प्रताप, हात बाहेर काढलेला, काहीतरी ओरडत... खडखडाटात सगळं वाहून गेलं.

"इथला गाडीचा थांबा काढलाय," तिकीटवाला म्हणाला. "वरून हुकूम हाय."

ऊन चढलं. पाटीतला बर्फ वितळून फलाट भिजला. घरी जावं? थांबावं? ती बसे, उठे, पुन्हा बसे. मासळीवर माश्या घोंगावत होत्या, तिचं लक्ष पुढच्या स्टेशनाकडे, बोईसरच्या बाजूला.

रुळांतून कुणीतरी चालत येत होतं. घामानं निथळणारं, खडी तुडवून लंगडणारं.

"येड्या! आन् काम?"

"आजचा खाडा. बोल — पाठवू आईला?"

"आई येईल तवा येईल. आज तूच चल, बापासमोर उभा रा." तिनं पाटी उचलली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "वास येल हां!"

"येऊ दे," तो म्हणाला, आणि मुरब्याच्या वाटेला लागला.

तिनं उत्तर दिलं, साहेब. आता तुम्ही द्या — थांबा कुणाला विचारून काढलात?